पालीच्या तीन गुहा: सात महिने वापरल्यानंतर

पाल पाळली आहे म्हटलं की लोक आधी आमच्या भिंतींकडे बघतात. चिंगी भिंतीवर चढत नाही. ती लेपर्ड गेको, म्हणजे जमिनीवर राहणारी ठिपकेदार पाल; तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्याच नसतात. तिला लपून बसायला घेतलेल्या रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या) गुहांना आता सात महिने झाले.

आधी टँकमध्ये एकच गुहा होती. मोठी, दिसायला झकास, आणि गरम बाजूला. चिंगी दिवसभर तिथेच बसायची; मला वाटायचं, जागा आवडली. खरं म्हणजे गारव्याला जायचं तर उघड्यावरून जावं लागे आणि तेवढी तिची हिंमत नव्हती. गुहाही इतकी ऐसपैस, की आत असूनही ती कोपऱ्यात अंग चोरून बसे. हात घातला की शेपटी हळूहळू वळवळायची. त्याला मी लाड समजत होतो! ती धमकी असते.

नव्या तिन्ही गुहा बुटक्या आहेत, तोंड एकच. पाठ छताला आणि कुशी भिंतींना टेकतात, हेच तिला हवं होतं. एक गरम बाजूला (तळ ३२-३३ अंश), एक थंड बाजूला (२४-२५), मधलीत ओलं मॉस (शेवाळ), कात सुटायला ओलावा हवा म्हणून. पहिले चार दिवस ती बाहेर आली नाही, जेवलीही नाही, आणि मी सारखा गुहा उचलून बघत होतो. ते थांबवलं, टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला, तेव्हा कुठे फरक दिसला. त्यामुळे सगळं श्रेय गुहांना देणार नाही.

आता दिवसाउजेडीही ती या गुहेतून त्या गुहेत जाते. पूर्वी कात टाकताना बोटांवर कातडीची कडी अडकून राहायची; मधल्या गुहेत ती सगळी सुटते आणि बाईसाहेब ती खाऊनही टाकतात.

तक्रारी आहेत. तोंडाची कड धारदार होती, पॉलिश पेपरने घासावी लागली. गुहा वजनाला हलक्या. तिने माती उकरली की कलंडतात, म्हणून मी त्या थोड्या रोवून ठेवल्या. आतल्या खाचांत तिला खायला सोडलेले रातकिडे दडून बसतात आणि रात्री तिलाच चावू शकतात, तेव्हा उरलेले वेचून काढा. मॉस वेळेवर बदललं नाही तर बुरशी येते, पण तो दोष गुहेचा नाही, माझ्या आळसाचा.

चिंगी आता जाड झाली आहे, मधल्या गुहेच्या तोंडातून शिरताना पोट घासतं. तेवढी एक पुढच्या मापाची मागवली आहे.