जंजिऱ्याला जाताना: राजपुरीची शिडाची होडी की दिघीची लाँच?

मुरूड-जंजिरा बघायचा ठरला की पहिला प्रश्न असतो, धक्का कोणता? मुरूडमध्ये मुक्काम असेल तर राजपुरी सोयीचं, दिवेआगर-श्रीवर्धनकडून येणार असाल तर दिघी. राजपुरीहून अजूनही शिडाच्या होड्या सुटतात, दिघीहून इंजिनाच्या लाँच.

माझं मत विचाराल तर सकाळची वेळ हाताशी असेल तेव्हा शिडाचीच होडी घ्यावी, त्यासाठी वाट वाकडी करावी लागली तरी. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, पण बुरुजांच्या आड असा बसवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. शिडावर तट हळूहळू अंगावर येत जातो. इंजिनाची धडधड नसल्यामुळे खलाशाचं बोलणं नीट ऐकू येतं. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये इथे समुद्रात भराव घालून वाट करायचा प्रयत्न केला होता. सिद्दीच्या या किल्ल्याने सगळ्यांना का दमवलं, ते या पाण्यातून संथपणे जाताना समजतं. लाँचमध्ये तेवढी उसंत मिळत नाही.

मात्र शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीने चालते. सकाळी मतलई वारा जमिनीकडून असतो, पाणी बहुधा शांत. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की होडी तिरकी-तिरकी काढत न्यावी लागते, वेळ लागतो, पाण्याचे शिंतोडेही उडतात. दुपारी पोचणार असाल, पुढची गाडी गाठायची असेल किंवा बोट लागणारं कुणी सोबत असेल, तर लाँच बरी.

आजी-आजोबांसाठी लाँच सोपी, असं बरेच जण धरून चालतात. पण खरी कसोटी दरवाजाशी उतरतानाच असते आणि ती दोन्हींकडे तीच. पायऱ्यांशी होडी वरखाली होत असते, कधी मोठ्या होडीतून छोटीत उतरवतात. खलाशी हात धरतो, लाटेबरोबर होडी वर आली की पटकन पाय टाकायचा. दगडावर शेवाळ असतं. गुडघे दुखत असतील तर भरती-ओहोटी विचारूनच निघा, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या.

किल्ल्यात किती वेळ थांबणार, हे होडीत बसण्याआधीच पक्कं करा. तासाभरात कलाल बांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव होतात, पण दरवाजावरचं पंजांत हत्ती पकडलेल्या श्वापदाचं शिल्प घाईत हमखास सुटतं. पावसाळ्यात दोन्ही वाटा बंद. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत किल्ल्यात जाता येत नाही, त्या दिवशी सकाळीच निघा.