मुलांसाठी एन्झाइम: सांगलीत मेडिकलमधून काय घ्यावं, काय नाही

‘पोराला पचत नाही’ एवढंच सांगितलं की सांगली-मिरजेत काउंटरवरून बहुधा फंगल डायस्टेस-पेप्सिनचं सिरप मिळतं. डायस्टेस पिष्ट फोडतं, पेप्सिन प्रथिनं. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही, कारण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, दोन्ही फोडत नाहीत. चव बरी, काम चुकीचं.

तिथे लॅक्टोज फोडणारं लॅक्टेजच हवं. 200 मिली दुधात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असतं. ते फोडायची ताकद किती, हे मिलिग्रॅमवरून कळत नाही. म्हणून दोन बाटल्यांची तुलना मिलिग्रॅमवर नको, एफसीसी युनिटवर (एन्झाइमची ताकद मोजणारं एकक) करा. लॅक्टेजचे थेंब उकळत्या दुधात घातले तर एन्झाइम निकामी होतं, आणि तक्रारी बहुतेक इथूनच येतात. दूध कोमट झाल्यावर घाला, हलवा, लेबलवरचा वेळ थांबा. दूध किंचित गोड लागलं की समजा, काम झालं. मोठ्या मुलांना चघळायची गोळी सोयीची, पण ती पहिल्या घोटाबरोबर. बासुंदी संपल्यावर दिलेली गोळी उशिराची. बाटली मे महिन्यात गाडीत ठेवू नका.

राजमा-छोल्यांच्या गॅसवर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज. द्राक्षं जास्त झाली तर यातलं काहीच चालत नाही.

दुधानंतर अंगावर पित्त (खाजरे चट्टे) उठत असेल, शौचात रक्त दिसत असेल, तर ती दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असू शकते. लॅक्टेज तिथे निरुपयोगी, दूध बंद करून बालरोगतज्ज्ञ गाठा. ‘ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) पचवणाऱ्या’ कॅप्सूलवर, ग्लूटेननं आतड्याला इजा होणाऱ्या सीलिअ‍ॅकच्या मुलाला चपाती देणं धोक्याचं. पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमचं औषध) तर चिठ्ठीशिवाय नकोच.