मिग-२१ खांबावर चढवायचं की खाली चाकांवरच ठेवायचं?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं आणि तेव्हापासून ओळखीतले दोघं-तिघं विचारून गेले, आमच्या कॅम्पससाठी विमान मिळालं तर कसं उभं करायचं. यातली बरीचशी विमानं आपल्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेली, त्यामुळे नाशिककडच्या लोकांना जरा जास्तच माया.

खांबावर चढवलं की दिसतं मात्र झकास, नाक वर, आत्ता उडेल असं. शिवाय पोरं पंखावर चढत नाहीत, कुणी नावं कोरत नाही. पण इंजिन काढलं तरी काही टनांचा सांगाडा आहे तो, नुसता पोटाच्या पत्र्याला पाइप वेल्ड करून चालत नाही, भार आतल्या मुख्य फ्रेमवरच यायला हवा आणि वाऱ्याचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घ्यायचा. आणि पुढे दर रंगकामाला क्रेन नाहीतर परांची, हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी कुणाच्याच डोक्यात नसतो.

खाली ठेवलं तर कुंपण लागतं, पण हात पोचतो, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं. टायरवर मात्र भार ठेवू नका, उन्हाने रबर तडकतं, जॅक पॉइंटखाली, म्हणजे विमान उचलायच्या ठरलेल्या जागांखाली, स्टँड द्या.

खरा शत्रू पाणीच. आम्ही एका विमानाच्या पोटाला सगळ्यात खालच्या जागी भोक पाडलं तर अर्धी बादली तपकिरी पाणी आलं, वर कबुतराची पिसं. रंग वरून नवाकोरा होता बरं का! रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा अॅल्युमिनियम आतून खाल्लं जातंय. नाक वर करून खांबावर ठेवलं की पाणी शेपटीकडे जातं, म्हणजे भोकंही तिकडेच पाडायची, हे बरेच जण विसरतात. हवा घ्यायचं तोंड आणि मागचा पाइप दोन्हीकडे जाळी हवीच.

रंग कुठेही ठेवलं तरी तोच, आधी एपॉक्सी प्रायमर, वर टू-पॅक पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग. जुना रंग काढायला लोखंडी कणांचं ब्लास्टिंग नको, पत्रा पातळ होतो आणि कण रुतून गंज धरतात. कॉकपिटमधल्या इजेक्शन सीटची, म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची, काडतुसं काढल्याचा कागद आधी हातात घ्या, मगच बाकीचं.

शहरातल्या चौकात असेल तर खांब, तिथे पर्यायच नाही. कॉलेज असेल किंवा गोव्यातल्या बोगमाळोसारखी खारी हवा असेल तर मी डोळे झाकून खालीच ठेवीन.