ट्रायकोकार्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टोमॅटोची फळे पोखरणाऱ्या अळीसाठी मी गेले आठ महिने ट्रायकोकार्ड वापरत आहे. जाड कागदाच्या पट्टीवर तांदळावरील पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी वाढत असते; पूर्ण वाढलेली माशीही जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. ही अंडी आधी अतिनील किरणांखाली ठेवून त्यांतील पतंगाचा गर्भ मारलेला असतो, त्यामुळे एखादे अंडे माशीच्या तावडीतून सुटले तरी त्यातून अळी निघत नाही.

पहिले दोन महिने मी कार्डाला दोष देत होतो, पण चूक माझी होती. फळाला छिद्र दिसल्यावर मी कार्ड लावत असे, आणि ट्रायकोग्रामा केवळ अंड्यांवर जगणारी असल्याने बाहेर पडलेल्या अळीचे ती काहीही करू शकत नाही. कामगंध सापळ्यात (मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग अडकू लागताच, पानांच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी कार्डाचे तुकडे टाचायला सुरुवात केल्यावरच फरक पडला. माशी फार दूर उडत नाही, म्हणून एका कोपऱ्यात पूर्ण कार्ड टांगण्यापेक्षा लहान तुकडे सर्वत्र विखुरणे अधिक उपयुक्त ठरते.

परिणाम तपासण्याची खात्रीशीर खूण म्हणजे अंड्याचा रंग. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या अंड्यावर चढून मिशांनी ते ठोठावते, त्यावरून चालत त्याच्या आकाराचा अंदाज घेते आणि त्यानुसार आत किती अंडी घालायची हे ठरवते. लहान अंड्यात बहुधा एक, मोठ्या अंड्यात अनेक. आतला ऐवज फस्त करून माशीची अळी कोषावस्थेकडे वळते, तेव्हा, म्हणजे साधारण तीन-चार दिवसांत, यजमान अंडे, म्हणजे ती ज्यात वाढते ते पतंगाचे अंडे, काळे पडते आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत माशी गोल छिद्र पाडून बाहेर येते. यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर पोसणारा हा परजीवी नव्हे; इथे यजमानाचा मृत्यू ठरलेलाच असतो.

तक्रारी आहेत. एकदा आलेल्या कार्डावरील बहुतेक अंड्यांना आधीच छिद्रे पडलेली होती, म्हणजे माश्या वाटेतच निघून गेल्या होत्या. मुंग्या कार्ड साफ करतात. आसपास रासायनिक फवारणी झाली, तर कार्ड लावण्यात अर्थ नाही.

मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट मात्र वेष्टनावरील नावाची आहे. कीटकशास्त्रज्ञ वेस्टवूडने १८३३ मध्ये स्थापन केलेल्या ट्रायकोग्रामा या प्रजातीत आज दोनशेहून अधिक जाती मोजल्या जातात आणि प्रत्येकीची यजमानाची, पिकाची व हवामानाची आवड निराळी असते. कुल ओळखणे सोपे आहे. कॅल्सिडॉइडिया या महाकुलातील ट्रायकोग्रॅमॅटिडी कुलाच्या माश्यांचे पाऊल तीनच पेरांचे असते, तर तिथल्या बहुतेक इतर कुलांत चार किंवा पाच पेरे आढळतात. (याच कुलातील मेगाफ्रॅग्मा इतकी लहान असते की प्रौढ माशीच्या मेंदूतील जवळजवळ सर्व चेतापेशींना केंद्रकच उरत नाही.) जात ओळखणे मात्र अवघड, पंखांवरील केसांच्या रांगा आणि रंग यांवर विसंबल्याने पूर्वी वेगवेगळ्या जाती एकाच नावाखाली मोडत. नागरकट्टी आणि नागराजा या भारतीय संशोधकांनी १९६८ ते १९७१ च्या सुमारास नराच्या जननेंद्रियांची रचना हा भरवशाचा निकष असल्याचे दाखवून दिले, तेव्हा या गोंधळाला आळा बसला.

माझ्या पहिल्या कार्डांवर ‘किलोनिस’ असे जातीचे नाव होते आणि त्यांतून नर-मादी दोन्ही निघाले. सहाव्या महिन्यापासून ‘प्रेटिओसम’ नावाची कार्डे आली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या नमुन्यांत लांब केसाळ मिशांचा एकही नर सापडला नाही. या गटात फलित न झालेल्या अंड्यातून एरवी नर जन्मतो, परंतु वोल्बाकिया हा जिवाणू पेशींत असला की त्याच अंड्यांतून माद्या निपजतात. प्रतिजैविक दिल्यावर नर पुन्हा दिसू लागतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. अंडी मारण्याच्या कामी माद्याच उपयोगाच्या असल्याने शेतीच्या दृष्टीने असा गट फायद्याचाच. पण नरच नसल्यामुळे वेष्टनावरील नाव खरे की खोटे हे सूक्ष्मदर्शकाने ठरवता येत नाही. त्यासाठी डीएनएमधील आयटीएस-२ या भागाची तपासणी करावी लागते. पुरवठादाराकडे मी ती मागितली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.