मावळ्याला इंग्रजीत काय म्हणावं: वॉरियर की सोल्जर?

मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहायला घेतला की लढणाऱ्या माणसाला म्हणायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. फायटर म्हटलं की आज लढाऊ विमान किंवा आखाडा डोळ्यापुढे येतो, तो बाजूला ठेवू. खरी ओढाताण वॉरियर आणि सोल्जर या दोघांत.

वॉरियर कानाला भारदस्त वाटतो. तानाजी मालुसऱ्यांबद्दल, 4 फेब्रुवारी 1670 च्या सिंहगडाबद्दल लिहिताना मीही तोच वापरतो. एका माणसाचा पराक्रम सांगायचा असेल तर त्याला तोड नाही. त्यापुढे सोल्जर जरा कोरडा, सरकारी वाटतो, हे मान्य.

पण सभासद बखरीतली शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था इंग्रजीत मांडून बघा. 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमल्यांवर हजारी. दसऱ्याला लष्कर बाहेर पडताना लहानथोर सगळ्यांच्या चीजवस्तूंची नोंद व्हायची आणि पावसाळ्याआधी छावणीला परतलं की झडती. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. हे सगळं लिहिताना वॉरियर वाक्यात बसतच नाही. सोल्जर या शब्दाच्या तर मुळाशीच पगार आहे, त्यामुळे तो इथे सहज रुळतो.

तरीही माझा कौल पडला तो दुसऱ्याच कारणाने. असईच्या लढाईवर एका प्रदर्शनासाठी इंग्रजी मजकूर दिला होता. छापून आलं तेव्हा एकाच वाक्यात ईस्ट इंडिया कंपनीकडचे ते सोल्जर्स आणि शिंद्यांकडचे ते वॉरियर्स! संपादकांचं म्हणणं, वॉरियर जास्त गौरवाचा. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मला ते फार लागलं. जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या कवायती पलटणी हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली उभ्या होत्या. तोफखाना इतका जबर की कंपनीचा सेनापती वेलस्ली याची मोठी हानी झाली. वेलस्लीच्या फौजेतही निम्म्याहून जास्त शिपाई इथलेच. दोन्हीकडे बंदुका, दोन्हीकडे कवायत, दोन्हीकडे पगार. मग शब्द वेगळे का?

इंग्रजी पुस्तकांत ही वाटणी पदोपदी दिसते: रोमन सोल्जर आणि गॉल वॉरियर, ब्रिटिश सोल्जर आणि झुलू वॉरियर. एका बाजूला शिस्त, दुसऱ्या बाजूला नुसता आवेश. मराठ्यांसाठी सरसकट वॉरियर लिहिलं तर आपणच आपल्या लष्कराला त्या दुसऱ्या रांगेत नेऊन बसवतो.

ज्यांना कथा-कादंबरी लिहायची आहे त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. तिथे वॉरियर शोभेल. फलक, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठी मात्र मी सोल्जरच सुचवेन. घोडेस्वारासाठी ट्रूपर चालतो. मावळा शक्यतो मावळाच ठेवावा, पहिल्या उल्लेखात अर्ध्या ओळीचा खुलासा पुरतो. पानिपतावरचे इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती पायदळ, तर बिनदिक्कत सोल्जर. आणि समोरासमोरच्या दोन फौजांबद्दल लिहिताना दोघांना एकच शब्द वापरा, मग तो कुठलाही असो.