सेलवर छापलेला ९९०० हा आकडा

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने आमच्या दापोली तालुक्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात ठेवली, तेव्हापासून घरात भरवशाची बॅटरी (टॉर्च) हवीच असा आमचा नेम आहे. यंदा पावसाच्या तोंडावर जुनी बॅटरी गंजून निकामी झाली, म्हणून मुठीत मावणारी, सेल काढून बदलता येणारी एक छोटी बॅटरी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेआठशे रुपयांना मागवली.

हातात घेताच ती मला आवडली. अंग अ‍ॅल्युमिनियमचे, झाकणाचे आटे न अडता फिरणारे, आणि रात्री अंगणातून झोत टाकला तर आगरातल्या माडाची झावळी न् झावळी दिसत होती. सोबत निळ्या वेष्टनाचा, १८६५० या मापाचा लिथियम सेल होता व त्यावर ९९०० एमएएच (सेलची क्षमता मोजण्याचे एकक) असे ठळक छापले होते. त्या आकड्यानेच मी फसलो.

आषाढातल्या एका रात्री वीज गेलेली असताना शेजारच्या आजारी काकूंना औषध देऊन मी पाखाडीने परतत होतो. सेल त्याच दुपारी पूर्ण चार्ज केला होता, तरी जेमतेम पंचवीस मिनिटांत झोत पिवळा पडला आणि विझता विझता त्याने दोन पायऱ्यांखाली जांभ्याच्या कडेला वेटोळे घालून बसलेले फुरसे दाखवले. मुलगा मोबाइलचा उजेड घेऊन येईपर्यंत मी भर पावसात त्याच पायरीवर खिळून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तो सेल ठेवला, तर वजन भरले २७ ग्रॅम; चांगला १८६५० सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी एवढ्या जागेत आजच्या घडीला फार तर साडेतीन हजार एमएएचच्या आसपास क्षमता बसते, त्यामुळे ९९०० हा आकडा निखालस खोटा होता. लिथियम सेलवर बंधनकारक असलेले भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्हही त्यावर नव्हते. हे सारे मी पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते, कारण विक्रेत्याने सात दिवसांची मुदत संपल्याचे सांगून सेल परत घेण्यास साफ नकार दिला.

रत्नागिरीहून आणलेला ३००० एमएएचचा खात्रीचा सेल घातल्यावर तीच बॅटरी मध्यम उजेडावर चार तास चालते, म्हणजे खोट फक्त सेलमध्ये होती. असा सेल कोणाकडे असेल तर कुतूहलापोटी तो फोडू नये आणि चुलीत किंवा बंबात तर मुळीच टाकू नये; लिथियम सेल पेट घेतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत तो निळा सेल, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, पावतीसह पुरावा म्हणून जपून ठेवला आहे.