आयएमएसएलपी आणि म्यूजस्कोअर : वर्षभर वापरल्यानंतर

पुण्यातल्या आमच्या हौशी क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांचा गट) व्हिओला माझ्याकडे आहे, आणि नोटेशन जमवायचं, कुणालाच नको असलेलं कामही. गेलं वर्षभर ते मी दोन फुकट गोष्टींवर निभावतोय : आयएमएसएलपी ही छापील नोटेशन देणारी साइट आणि म्यूजस्कोअर स्टुडिओ हा नोटेशन लिहायचा प्रोग्रॅम. दोन्ही डोळे झाकून घ्या. डोळे उघडे ठेवायचे ते हक्कांच्या बाबतीत.

आधी आयएमएसएलपी. सदस्य नसाल तर फाइल मिळायला पंधरा सेकंद थांबावं लागतं. एवढी शिक्षा मला मान्य आहे. इथे मिळतं ते मुख्यतः जुन्या छापील प्रतींचं स्कॅन. ड्वोरझाकचं क्वार्टेट, ओपस ९६, वाजवायचं तर मूळ प्रकाशक झिमरॉकचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाची वेगळी पानं, मिळतात. जुन्या पार्टांमध्ये बारचे (उभ्या रेघांमधल्या तालाच्या खणांचे) नंबर बहुधा नसतातच, त्यामुळे ‘सत्तेचाळीसपासून घ्या’ म्हटलं की चौघेही बोटाने बार मोजत बसतात. पहिल्या तालमीआधी पेन्सिलीने नंबर घालून ठेवा. संगीतकार जुना असला तरी आजच्या संपादकाने तपासून काढलेली आवृत्ती वेगळी असते. जर्मनीत अशा शास्त्रीय संपादनाला २५ वर्षांचं स्वतंत्र संरक्षण आहे. म्हणून बेरनरायटर किंवा हेन्ले या जर्मन प्रकाशकांची नवी प्रत कुणी स्कॅन करून पाठवली, तरी ‘बीथोवन तर कधीच गेला’ ही सबब चालत नाही. ज्या रचना आम्ही वारंवार वाजवतो त्यांचे पार्ट मी विकतच घेतो. पान उलटायची जागा विचार करून ठेवलेली असते, आणि त्या एका गोष्टीचे पैसे वसूल होतात.

साइटचा सर्व्हर कॅनडात आहे. २००७ मध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशकाच्या वकिली पत्रानंतर ती बंद पडली होती, पुढच्या वर्षी परत आली. तेव्हापासून प्रत्येक फाइलवर कुठल्या देशात ती हक्कांतून मुक्त आहे याची खूण असते. पण त्या खुणांमध्ये भारताचा हिशोब आपला आपण करायचा. आपल्याकडे हक्काची मुदत संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. (पूर्वी ५० होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपायला आली तेव्हा वाढवली.) युरोपात ७०. सिबेलियस १९५७ साली गेला, म्हणून आपल्याकडे तो २०१८ पासून मोकळा आणि युरोपात २०२७ संपेपर्यंत बंद. शोस्ताकोविच १९७५ साली गेला, म्हणजे आपल्याकडेही २०३५ अखेरपर्यंत पार्ट विकतच.

आता मराठी गाणी, कारण आमचं खरं घोडं इथेच अडलं. नाट्यपदं क्वार्टेटसाठी लिहायची हौस होती. ‘स्वयंवर’ १९१६ चं. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली. दोन्ही मोकळं. मग एकाने गीतरामायणाची टूम काढली. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात. बाबूजी २००२ साली, म्हणजे चाल २०६२ अखेरपर्यंत. आम्ही गात नाही, म्हणून शब्द बाजूला ठेवले तरी चाल राहतेच. कायद्यात संगीतरचनेची अरेंजमेंट (दुसऱ्या वाद्यांसाठी मांडणी) किंवा स्वरलेखन हे ‘रूपांतर’ धरलं जातं, आणि तो हक्क मालकाचा. आयपीआरएस या संगीतहक्कांच्या संस्थेचा परवाना काढला की झालं, असं बरेच आयोजक समजतात. तो परवाना जाहीर वादनाचा. अरेंजमेंट लिहायची परवानगी मालकाकडून वेगळीच. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांसमोर केलेल्या वादनाला कायद्यात सूट आहे हे खरं, पण ती वाजवण्यापुरती. कागदावर उतरवून वाटण्याचा त्यात उल्लेख नाही. बाबूजींच्या चाली आम्ही सोडून दिल्या.

लिहिण्यासाठी म्यूजस्कोअर स्टुडिओ. झपतालासाठी तालचिन्ह २+३+२+३ असं फोडून देता येतं आणि नोटांचे गट त्याप्रमाणे जुळवता येतात. विंगेत बसलेल्या तबलजीलाही पान बघून सम कळते. मूळच्या एडविन फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून पदाचे शब्द घालताना टेक्स्ट स्टाइलमध्ये ‘मुक्त’ (Mukta) नावाचा देवनागरी फाँट लावून ठेवा. शब्दातली अक्षरं हायफनने तोडायची, तान अंडरस्कोअरने ओढायची. स्कोअरमध्ये केलेला बदल चारही पार्टांत आपोआप जातो, हे सगळ्यात मोठं सुख. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र ग्लिसांडोची रेघ मारून दाखवायची, आणि प्लेबॅकमध्ये ती ऐकली की हसू येतं. चेलोवाल्याला ती गाऊनच दाखवावी लागते. म्यूजस्कोअर डॉट कॉम ही साइट वेगळी. तिथली इतरांची बरीचशी नोटेशन उतरवायला पैसे भरून सदस्य व्हावं लागतं. प्रोग्रॅमला काही लागत नाही.

लिहिलेलं विकायचं असेल तर अरेंजमी ही अरेंजमेंट विकायची साइट आहे. हक्कात असलेल्या गाण्याची अरेंजमेंट विकली गेली तर किमतीच्या १० टक्के तुमचे, आणि तेही गाणं त्यांच्या परवानगीच्या यादीत असेल तरच. मुक्त किंवा स्वतःच्या रचनेवर वाटा बराच जास्त. नाट्यपदांचं नोटेशन मराठीबाहेर कोण विकत घेणार, हा प्रश्न त्यांचा नव्हे, आपला. आम्ही ‘स्वयंवर’ची पानं पीडीएफ करून ओळखीच्या वादकांना तशीच देतो, फक्त खाली ‘अरेंजमेंट’ म्हणून नाव आणि वर्ष घालतो. तुम्हीही घाला, कारण चाल मोकळी असली तरी तुमची अरेंजमेंट तुमचीच असते.